आधी खाट सरकवा

छताला भेग दिसली की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो नंतर करा. आधी खाट सरकवा.

ज्या भेगेखाली तुम्ही झोपता, मुलं अभ्यासाला बसतात, आजी जपमाळ घेऊन बसते, ती जागा आजच रिकामी करा. चार हात बाजूला व्हा. गैरसोय होईल. कपाट हलवावं लागेल, पंख्याचा वारा नीट लागणार नाही. होऊ द्या. भेग कसली आहे हे कळेपर्यंत एवढं सोसा.

इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. माझ्या बहिणीच्या घरी, चौतीस वर्षं जुन्या इमारतीत, झोपायच्या खोलीच्या छताला एक भेग होती. दर दिवाळीला रंगारी यायचा, पुट्टी भरायचा, वरून पांढरा हात मारायचा. भेग गायब. पुढच्या श्रावणात पुन्हा हजर. तीन दिवाळ्या असं चाललं. चौथ्या वर्षी ऑगस्टमध्ये, दुपारी साडेतीनला, छताचा तुकडा सुटला तो थेट पलंगावर. भाचा क्लासला गेला होता म्हणून निभावलं. त्याच्या उशीला खड्डा पडला होता.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तुकडे गोणीत भरून दाराशी ठेवले होते. काय मनात आलं कोण जाणे, खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ती गोणी ठेवली. अकरा किलो भरली. वर जाऊन बघितलं तर उघडी पडलेली जागा जेमतेम तीन चौरस फूट.

गिलावा दिसतो हलका, पण पाऊण इंच जाडीचा असला तर एका चौरस फुटाचं वजन साडेतीन ते चार किलो होतं. जुन्या घरांत तर छत एका पातळीत आणायला गवंड्यांनी दीड-दीड इंच थर चढवलेले असतात. तिथे हिशेब दुप्पट.

आता भेग कशी तपासायची ते सांगतो. याला इंजिनिअर लागत नाही. पहिली तपासणी घरची घरी होते.

दिवसा खिडक्या उघडून बघा. मग रात्री दिवा मालवून टॉर्च छताच्या अगदी जवळ, आडवी धरा. तिरक्या उजेडात फुगवटा लगेच दिसतो. सरळ उजेडात तोच भाग सपाट वाटतो.

मग एक लाटणं घ्या. त्यावर फडकं गुंडाळा. जळमटं काढायच्या बांबूच्या टोकाला ते घट्ट बांधा. भेगेच्या बरोबर खाली उभे राहू नका. बाजूला उभं राहून छतावर हलकेच टकटक करा. बाजारात कलिंगड वाजवून घेणाऱ्याला पुढचं शिकवायला नको. भक्कम गिलावा ठाम वाजतो. सुटलेला गिलावा डबडब वाजतो, रिकाम्या डब्यासारखा. कुठून कुठपर्यंत डबडब येते ते लक्षात ठेवा. जोर लावू नका. तुम्हाला आवाज ऐकायचा आहे, छत पाडायचं नाही.

आणि हो, टेबलावर स्टूल, स्टुलावर पाट, असला मनोरा रचू नका. शेजाऱ्यांकडून घोडी मागून आणा. गिलाव्यापेक्षा स्टुलावरून पडून जायबंदी झालेली माणसं मी जास्त पाहिली आहेत.

आवाज ऐकून झाला की भेगेची ठेवण बघा.

केसासारख्या बारीक, एकमेकींत गुंतलेल्या, नकाशातल्या नद्यांसारख्या भेगा असतील आणि आवाज ठाम असेल, तर काळजीचं कारण नाही. गिलावा लावला तेव्हा तो घाईने सुकला, त्याच्या या खुणा. पुढच्या रंगकामाच्या वेळी भरून घ्या. या भेगांवर रंगारी पुरे.

भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात सरळ रेघ असेल, आणि तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असाल, तर तो बहुधा उन्हाचा खेळ. गच्ची दिवसभर तापते, स्लॅब किंचित वाढतो, रात्री पुन्हा आक्रसतो. भिंत त्याच्याबरोबर तितकी हलत नाही. मग सांधा उघडतो. तिथे सिमेंट भरलंत तर पुढच्या मे महिन्यात रेघ परत येईल. तो सांधा थोडा कोरून त्यात रबरासारखा ताणणारा मसाला भरायचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘भेगेत भरायचा सीलंट’ म्हटलं की देतात. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर दिला तर आणखी बरं.

पंख्याच्या हुकाभोवती गोल भेग असेल तर पंखा आजच बंद करा. पंखा डुगडुगत असेल तर नक्कीच. नुसता गिलावा हलला आहे की हूकच सैल झाला आहे, हे पंखा उतरवल्याशिवाय कळत नाही.

आता खरी चिंतेची भेग. छताला सरळ रेघा पडल्या आहेत, एक दुसरीला समांतर, साधारण वीतभर अंतराने. कडेला तांबूस डाग आहेत. कुठे पोपडा निघाला आहे आणि आतून काळपट-लाल सळई डोकावते आहे. ही भेग गिलाव्याची नाही. आतलं लोखंड गंजतं आहे.

असं का होतं ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे कुणी तुम्हाला फसवणार नाही. स्लॅबच्या पोटात सळया असतात. त्यांच्याखाली काँक्रीटचं पांघरूण असतं, ते चांगल्या कामातसुद्धा पाऊण इंचाच्या आसपासच. जुन्या कामांत कित्येकदा त्याहून कमी. वर्षानुवर्षं हवा आणि ओल त्यातून आत शिरते. लोखंड गंजलं की फुगतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो खालचं काँक्रीट आणि गिलावा ढकलून देतो. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी इथे खाऱ्या हवेची त्यात भर. काही जुन्या इमारतींत खाडीची रेती न धुताच वापरली गेली. ते मीठ तेव्हापासून आत बसलं आहे.

म्हणून अशा भेगेवर पुट्टी भरणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. वरून छान दिसतं. आत काम चालूच राहतं.

छत मधे खाली वाकलेलं दिसलं, तुळईला किंवा खांबाला तिरपी भेग दिसली, दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागल्या, रात्री कडकड आवाज आला, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवा. माणसं बाहेर काढा. शेजाऱ्यांना सांगा. मुंबईत पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे, आणि ११२ कुठेही लागतो. सामान नंतर.

तेवढी वेळ आलेली नसेल आणि भेग वाढते आहे की थांबली आहे ते कळत नसेल, तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा. बाजूला तारीख लिहा. महिन्याने बघा, टोक खुणेपुढे गेलं का. जुने गवंडी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवत. पट्टी तडकली तर समजायचं की छत अजून हलतं आहे. साधी युक्ती आहे, पण आजही उपयोगी. मोबाइलवर फोटो काढाल तेव्हा भेगेशेजारी एखादं नाणं धरा, म्हणजे पुढच्या फोटोशी तुलना करता येईल.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा. तो सुटल्याशिवाय छताला हात लावू नका.

जुन्या छताची दहा दुखणी घ्या, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी ओल सापडते. गच्चीचा कोबा फुटलेला असतो. वरच्या घरातल्या नहाणीचा सांधा सुटलेला असतो. पाण्याची टाकी झिरपते. वरच्यांनी खिडकीत कुंड्या ठेवलेल्या असतात. एसीचं पाणी नळीतून थेट भिंतीवर सोडलेलं असतं. यातलं काय आहे ते शोधा.

शोधायची पद्धत अशी. ओल पावसाळ्यातच येते की बारा महिने, हे आधी आठवा. पावसातच येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बारा महिने असेल तर वरचं न्हाणीघर, स्वयंपाकघर नाहीतर नळ. वरच्यांना विनंती करा की दोन दिवस ती मोरी वापरू नका. ओल उतरली तर चोर सापडला. शंका राहिली तर मोरीची जाळी बंद करून थोडं रंगीत पाणी सोडतात आणि खाली रंग उतरतो का ते बघतात.

गच्चीवर पाणी तुंबवून तपासायची पद्धत आहे. पण ती सरसकट करू नका. चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो भार. ज्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आहेत त्यावर हा प्रयोग करायचा की नाही, हे इंजिनिअरने ठरवावं.

इथे सोसायट्यांत भांडणं होतात. म्हणून नियम माहीत असू द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक नळाची आणि सांडपाण्याच्या नळाची गळती, ही दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घरांचं छत आणि गिलावा खराब झाला तर तोही संस्थेनेच करून द्यायचा. वरच्या घरातल्या संडास-न्हाणीतून किंवा सिंकमधून गळत असेल तर तो सभासदांचा आपापसातला विषय. अर्ज लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आवाज चढवू नका. वरच्या घरात जायचं ते तक्रार म्हणून जाऊ नका. ‘काकू, जरा खाली येऊन बघता का,’ एवढं म्हणा. एकदा त्यांनी तुमचं छत डोळ्यांनी पाहिलं की निम्मं काम होतं.

पागडीच्या जुन्या घरात असाल तर मालकाला कळवा. मुंबई शहरात तुमची इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा. अर्जाची प्रत जपून ठेवा.

पाणी थांबलं. आता छत सुकू द्या. पावसाळा संपल्यावर महिना-दीड महिना जाऊ द्या. सुटलेले, लोंबणारे तुकडे मात्र पावसाळ्यातही लगेच काढून टाका. त्यांना मुहूर्त नको.

तोडफोड सुरू करण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा. छतातून तारा गेलेल्या असतात आणि छिन्नी त्यांना ओळखत नाही. पंखा, दिवे उतरवा. फर्निचर बाहेर काढा. जे निघणार नाही ते जाड प्लास्टिकने झाका. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीला ओलं फडकं लावा, नाहीतर आठवडाभर डाळीतून चुना निघेल. कामगाराला डोळ्यावर चष्मा, डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं हवंच. ‘आम्हाला सवय आहे’ असं तो म्हणेल. ऐकू नका. तो आपल्या घरात काम करतो, जबाबदारी आपली.

गंजाचं काम असेल तर खालून टेकू लावल्याशिवाय तोडू देऊ नका. सगळं छत एकदम उघडं करू नका. भागाभागाने करा. कुठे टेकू, किती अंतराने, ते इंजिनिअर सांगेल. इथे पैसे वाचवू नका.

सुटलेला गिलावा ठाम आवाज येईपर्यंत काढायचा. चांगला गिलावा उगाच खणायचा नाही. कडा सरळ, चौकोनी कापून घ्यायच्या. फाटक्या कडेवर ठिगळ बसत नाही, हे शिवणकाम करणाऱ्या बायका लगेच ओळखतील.

आत सळई गंजलेली असेल तर ती चहूबाजूंनी मोकळी करायला सांगा. नुसती खालची बाजू घासून भागत नाही. दोन्हीकडे स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत जायचं. तारेच्या ब्रशने गंज पूर्ण काढायचा. सळई फारच बारीक झाली असेल तर शेजारी नवी जोडावी लागते. तो निर्णय गवंड्याचा नाही, इंजिनिअरचा. मग सळईला गंजरोधक थर, जुन्या काँक्रीटला चिकटवणारा थर, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला पातळ थरांनी. साधा सिमेंट-वाळूचा गोळा थापून दिला तर दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा फुगवटा येतो. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी घाईत असं थापून घेतलं आहे. तीच जागा परत उघडावी लागली तेव्हा गवंडी माझ्याकडे बघून फक्त हसला.

गंज नसेल, नुसता गिलावाच सुटला असेल, तर काम सोपं आहे. पण त्यातही चार गोष्टींवर नजर ठेवा.

उघडं पडलेलं काँक्रीट गुळगुळीत असतं. त्यावर टाचे मारून घ्या. गुळगुळीत पाठीवर गिलावा धरत नाही.

धूळ झटकून, पाणी मारून मगच गिलावा लावायचा. पाठ ओलसर हवी, पाणी ठिबकायला नको. कोरडी पाठ नव्या मालातलं पाणी पिऊन टाकते आणि तो कच्चा राहतो.

छताला थर पातळ हवा. एक भाग सिमेंटला तीन-चार भाग चाळलेली वाळू, जाडी पाव इंचाच्या आसपास. खड्डा खोल असेल तर दोन थर, मधे वेळ देऊन. एकाच दमात इंचभर माल थापणारा गवंडी तुमचा वेळ वाचवतो आणि तुमच्या डोक्यावर वजन टांगतो. लाकूड आणि काँक्रीट किंवा वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे कोंबडीजाळी लावून घ्या.

घमेल्यातला माल आवळला की त्यात पुन्हा पाणी घालून कालवतात. तो मेलेला माल. टाकून द्यायला सांगा. थोडा थोडा माल बनवला की ही वेळच येत नाही.

आता घरातल्यांचं काम. सात दिवस त्या गिलाव्याला ओलावा हवा. छतावर पाणी मारणं अवघड, म्हणून कुणी मारत नाही. कुंड्यांना मारायचा फवारा घ्या आणि दिवसातून तीन-चारदा धुक्यासारखा ओलावा द्या. त्या खोलीत पंखा लावू नका. ‘लवकर सुकावं’ म्हणून लोक पंखा पूर्ण वेगाने सोडतात आणि चार दिवसांत केसासारख्या भेगा उगवतात. मग दोष सिमेंटला. रंग तीन-चार आठवड्यांनी. पाहुणे येणार म्हणून आधी नको. पाहुण्यांना कच्चं छत चालतं.

आता वाड्यांबद्दल थोडं, कारण तिथली चूक वेगळी असते.

पुणे, नाशिक, वाई इथल्या जुन्या घरांत आणि मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारतींत छत सिमेंटचं नसतं. कुठे कडीपाट असतो, कुठे लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा, कुठे लादी-कोबा. ही घरं श्वास घेतात म्हणा ना. चुना थोडी ओल घेतो, थोडी सोडतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. मऊ चुना त्याच्याबरोबर जुळवून घेतो.

तिथे कडक सिमेंटचं ठिगळ लावलं की ते ठिगळ शाबूत राहतं आणि कडेचा चुना फाटत जातो. शिवाय ओल आतच कोंडते आणि लाकडाचं टोक कुजतं. म्हणून चुन्याला चुनाच लावा.

त्यासाठी मुरवलेला चुना लागतो. पूर्वी बांधकामाशेजारीच चुन्याची घाणी असायची, बैल दगडी चाक फिरवायचे. चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा चीक, ताग, असं काय काय पडायचं. तंतू घालायची रीत तर फारच जुनी. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. आज आपण गिलाव्यात प्लास्टिकचे धागे मिसळतो आणि त्याला नवं तंत्र म्हणतो.

चुन्याचं काम करणारे कारागीर आता कमी आहेत, पण आहेत. तुमच्या गावातल्या जुन्या देवळाची दुरुस्ती कुणी केली, त्याची चौकशी करा. चुना हवा शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे काम सावकाश चालतं. थर पातळ, मधे दिवस जाऊ द्यावे लागतात. गिलावा जागेवर चांगला आहे पण पट्टीपासून थोडा सुटला आहे, अशा वेळी तो पाडायचीही गरज नसते. बारीक स्क्रू आणि पसरट वायसर घालून तो पुन्हा पट्टीला आवळून घेता येतो. वरून चुन्याचा हात. नक्षी असेल तर हाच मार्ग. फोडली की गेली.

पट्टीला किंवा तुळईला सुरी टोचून बघा. सुरी सहज आत गेली तर लाकूड कुजलं आहे किंवा वाळवीने खाल्लं आहे. मग गिलावा राहू द्या, आधी सुतार बोलवा. इमारत वारसा यादीत असेल तर काम काढण्यापूर्वी पालिकेत विचारा. मुंबईत १९९५ पासून यासाठी नियम आहेत.

लादी-कोब्याच्या घरांत आणखी एक खोड दिसते. वरचे भाडेकरू जुन्या फरशीवरच नवी फरशी घालतात. तोडफोड वाचते, गुळगुळीत टाइल्स येतात. पण दोन इंच माल आणि टाइल म्हणजे चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास नवा बोजा, त्याच जुन्या कड्यांवर. खालच्याच्या छताला भेग पडली की मग सगळे पावसाला दोष देतात. फरशी बदलायची असेल तर जुनी काढूनच बदला.

पीओपीच्या खोट्या छताबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुन्या इमारतीत ते नको. त्याच्या वर काय चाललं आहे ते तुम्हाला दिसत नाही. ओल दिसत नाही, गंज दिसत नाही, फुगवटा दिसत नाही. पोपडा सुटला तर तो पीओपीवर पडतो आणि मग दोन्ही मिळून खाली येतात. घरच्यांची हौसच असेल तर आधी मूळ छत दुरुस्त करून घ्या, आणि प्रत्येक खोलीत उघडता येईल अशी एक झडप ठेवा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीनंतर, तिथून टॉर्च मारून बघा. भाड्याचं घर घेताना नव्याकोऱ्या पीओपीला भुलू नका. इमारत किती वर्षांची आहे ते आधी विचारा.

तुमच्या एकट्याच्या छताला गंज लागला असेल असं सहसा होत नाही. खालच्या, बाजूच्या घरांतही विचारा. दोन-तीन घरांत तेच दिसलं तर तो इमारतीचा आजार आहे आणि सगळ्यांनी मिळून संरचनात्मक तपासणी करून घ्यायला हवी. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना पालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली ती बंधनकारकच आहे, आणि राज्यातल्या इतर महापालिकांच्या कायद्यातही अशी तरतूद आहे. वार्षिक सभेत हा विषय निघाला की लोक खर्चावर बोलतात आणि चहा येतो. तुम्ही तुमच्या छताचे तारखांसकट फोटो घेऊन जा. दाखवा. चर्चा लांबणार नाही.

काम देताना तीन गोष्टी लेखी घ्या. कुठलं छत किती चौरस फूट, कुठला मसाला, आणि पाणी पुन्हा आलं तर कोण बघणार. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. गंजाच्या कामात सळया साफ झाल्यावर, मसाला भरण्याआधी, स्वतः घोडीवर चढून बघा किंवा फोटो मागा. एकदा झाकलं की खाली कसं काम झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

आता जरा वरच्या मजल्यावरच्यांशी बोलतो. तुमचं छत ठणठणीत असेल. तरीही आज आपल्या न्हाणीघरात वाका आणि टाइलींच्या सांध्यातलं सिमेंट शाबूत आहे का बघा. कमोडच्या बुडाशी, नळ भिंतीत शिरतो तिथे, मोरीच्या जाळीभोवती बोट फिरवा. कुंड्यांखाली ताटल्या ठेवा. आणि खालच्या घरातून कुणी दार वाजवून म्हणालं, ‘आमच्या छताला ओल आलीय,’ तर त्यांना दारातच उभं ठेवू नका. चप्पल घालून खाली जा, आणि त्यांची खाट कुठे आहे ते बघून या.